गाठ आणि रंग : ‘डेव्हिलमॅन’चे नवे रूप आणि तेरची गोरोबाकथा

१

एखाद्या गाजलेल्या कृतीचे नव्या काळात व नव्या माध्यमात रूपांतर झाले म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन तट पडावेत, ही गोष्ट आता नित्याची झाली आहे. एक तट म्हणतो, मूळ कृती बिघडविली. दुसरा म्हणतो, मूळ कृती जिवंत केली. दोन्ही तटांची निष्ठा मूळ कृतीवरच असते, आणि तरीही त्यांचे एकमत होत नाही. याचे कारण रुचिभेद एवढेच सांगून थांबता येण्यासारखे नाही. ‘मूळ’ हा शब्द दोघेही उच्चारतात, परंतु त्या शब्दाने दोघांना अभिप्रेत असलेली वस्तू एक नसते. हा मतभेद रुचीचा असण्यापूर्वी अर्थाचा आहे, आणि म्हणून तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

आमच्या पदव्युत्तर वर्गांत जपानी चित्रकथा आणि तिच्यावरून तयार होणारे सजीवचित्रपट आस्थेने पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही. ‘मांगा’ आणि ‘ॲनिमे’ हे शब्द त्यांच्या बोलण्यात इतके रुळले आहेत, की त्यांना प्रतिशब्द शोधण्याची गरज उरलेली नाही. गो नागाई यांच्या ‘डेव्हिलमॅन’ या मांगाचे ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’ हे दहा भागांचे नवे रूप नेटफ्लिक्सवर ५ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाले. दिग्दर्शन मासाआकी युआसा यांचे, पटकथा इचिरो ओकोउची यांची, संगीत केन्सुके उशिओ यांचे. कृती उघडच प्रौढांसाठी आहे. तीतील हिंसा व कामुकता यांचे दर्शन सौम्य नाही. या नव्या रूपाविषयी चाहत्यांत जी चर्चा चालते, तिच्यात तीन आक्षेप वारंवार येतात. पहिला, रेषा बदलली. दुसरा, काळ बदलला. तिसरा, अंत बदलला. हे आक्षेप एका पातळीवरचे नाहीत, हे दाखविणे आणि त्यांचा तोल पाहण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका दारुण कथेचे माप वापरून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम मूळ कृतीकडे वळू. ‘डेव्हिलमॅन’ ही मांगा जून १९७२ पासून सुमारे एक वर्ष कोदान्शा प्रकाशनाच्या ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात क्रमशः आली. नियतकालिक किशोरांचे, कथा मात्र किशोरांच्या कथांना न मानवणारी. अकिरा फुदो हा भित्रा पण सहृदय मुलगा. त्याचा मित्र र्‍यो असुका त्याला सांगतो, की मानवापूर्वी या पृथ्वीवर राज्य करणारे दैत्य पुन्हा जागे झाले आहेत, आणि त्यांच्याशी लढावयाचे तर दैत्याचे सामर्थ्य अंगी घेतले पाहिजे. अकिरा तसे करतो. त्याच्या देहात दैत्य शिरतो, पण मन माणसाचेच राहते. पुढे दैत्यांचे अस्तित्व जगाला कळते, आणि मग खरा अनर्थ होतो. शेजाऱ्यातही दैत्य लपला असेल या भयाने माणसेच माणसांना ठार करू लागतात. ज्या मिकी माकिमुराच्या घराने अकिराला आसरा दिला, तिचा बळी दैत्य घेत नाहीत, माणसांचा जमाव घेतो. शेवटी उघड होते, की र्‍यो हाच सैतान आहे, आणि ही गोष्ट त्याची त्यालाही आठवत नव्हती. अकिराने नव्या जगात टिकावे या प्रेमापोटीच त्याने त्याला दैत्याशी एकरूप होण्यास लावले होते. मानवजात नष्ट होते, अकिरा मरतो, आणि त्याच्या देहाशेजारी बसून सैतान बोलत राहतो. ऐकणारा कोणी नसतो.

या कथानकाला ‘करुण’ म्हणणे पुरेसे नाही. येथे एक भेद मांडावासा वाटतो. करुण कथेत अनर्थ बाहेरून येतो. दारुण कथेत तो आतून येतो, आणि तोही दोषातून न येता गुणातून येतो. अकिराची सहृदयता, र्‍योचे प्रेम, हेच विनाशाचे साधन होतात. ज्या गुणामुळे पात्र आपल्याला प्रिय झाले, त्याच गुणाने ते आपल्यादेखत होरपळते. गुण आणि अनर्थ यांमधील या कार्यकारणसंबंधाला आपण कथेची ‘गाठ’ म्हणू. पात्रे, प्रसंग, वेष, काळ ही सारी सूत आहेत. गाठ ही सुताची वस्तू नव्हे, सुताची मांडणी आहे.

३

सोस्यूरने भाषेच्या व्यवस्थेला बुद्धिबळाच्या डावाची उपमा दिली, ती आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती सोंगट्या आणल्या तर डाव बदलत नाही; सोंगट्यांची संख्या कमीजास्त केली तर डावाचे व्याकरणच बदलते. रूपांतराच्या चर्चेत हा भेद फार उपयोगी पडतो.

नागाई यांच्या मांगातील गुंड पोरांच्या जागी युआसा यांनी रस्त्यावर रॅप गाणारी तरुण मुले आणली. मिकीला धावपटू केले. सर्वांच्या हाती मोबाईल दिला. या बदलांवर जुन्या चाहत्यांचा रोष आहे. परंतु हे बदल सोंगट्यांच्या द्रव्याचे आहेत. १९७२ साली अफवा ज्या वाटांनी घरोघर पोचत होती, त्या वाटा २०१८ साली उरल्या नव्हत्या. भयाला नवी वाट देणे हे कथेला सोडणे नव्हे. किंबहुना या नव्या साधनाने एक प्रसंग अधिक धारदार झाला आहे. अकिरा निर्दोष आहे असे मिकी समाजमाध्यमावर लिहिते. त्याच जागी तिला आधाराचे शब्द मिळतात आणि द्वेषाचेही. तिचा विश्वास हाच तिचा गुण, आणि तो उघडपणे बोलून दाखविल्यानेच ती अधिक एकटी पडते. येथे गाठ सैल झालेली नाही, आवळली गेली आहे.

मिकीच्या कुटुंबाचा शेवटही युआसा यांनी बदलला. नव्या रूपात तिचा धाकटा भाऊ दैत्य होतो आणि आईला खातो. बापाच्या हाती बंदूक असते, पण मुलावर ती चालविणे त्याला साधत नाही. मूळ मांगात हा प्रसंग नाही. केवळ घटनांची यादी ताडून पाहणारा चाहता याला अपभ्रंश म्हणेल. परंतु वात्सल्य हेच जेथे हात बांधून टाकते, तो प्रसंग मूळ कथेच्या व्याकरणाप्रमाणेच रचला आहे. भाषेत नवे वाक्य पूर्वी कोणी उच्चारलेले नसते, तरी ते त्या भाषेचे असते. तद्वत हा प्रसंग नवा असूनही ‘डेव्हिलमॅन’चाच आहे.

याच्या उलट उदाहरण त्याच कृतीच्या इतिहासात आहे, आणि ते चर्चेत क्वचितच पुढे येते. ‘डेव्हिलमॅन’चे पहिले रूपांतर २०१८ चे नव्हे. मांगा सुरू झाल्यानंतर महिन्याभरातच, जुलै १९७२ मध्ये, तोएई या संस्थेची ३९ भागांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तीत नायकाचे नाव तेच, मिकीही तीच. परंतु तेथे एक दैत्य अकिराचा देह व्यापतो, मिकीच्या प्रेमात पडतो आणि तिच्यासाठी आपल्या जातभाईंशी लढतो. र्‍यो असुका हे पात्र तीत नाहीच. प्रेमाने दैत्याचा रक्षक होतो, ही सुरस कथा आहे. पण गुणातून अनर्थ येण्याची गाठ तीत उरत नाही. म्हणजे काळाने सर्वांत जवळचे रूपांतर गाठीने सर्वांत दूरचे ठरले, आणि पंचेचाळीस वर्षांनंतरचे रूपांतर गाठीने अधिक जवळचे. ‘जुने ते मूळ, नवे ते भ्रष्ट’ हा समज येथेच ढासळतो.

याचा अर्थ युआसा यांची कृती निर्दोष आहे असा मात्र नव्हे. तिसऱ्या, म्हणजे अंताविषयीच्या आक्षेपात तथ्य आहे. नव्या रूपातील अकिरा दुसऱ्यांच्या दुःखाने प्रथमपासून रडणारा आहे. शीर्षकच त्यावरून आले. र्‍यो आरंभापासून प्रेम नावाची वस्तू नाही असे मानतो, आणि शेवटी मृत अकिराजवळ त्याचे अश्रू अनावर होतात. अश्रूंचा हा धागा पहिल्या भागापासून शेवटापर्यंत नेऊन युआसा गाठ प्रेक्षकाला बोटाने दाखवितात. नागाई यांच्या पानावर सैतान बोलतो, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ वाचकावर सोपविलेला आहे; तेथे काळ्या शाईच्या पानांमधील स्तब्धता काम करते. नव्या रूपात त्या स्तब्धतेच्या जागी संगीत आणि आक्रोश आहे. गाठ तीच आहे, पण ती समजावून सांगितली आहे. समजावलेली गाठ सुटत नाही हे खरे. तथापि तिचा काच कमी होतो. रेषेविषयीचा आक्षेप सर्वांत दुर्बळ, अंताविषयीचा सर्वांत सबळ. हे तिन्ही आक्षेप एकाच स्वरात मांडले जातात, म्हणून चर्चा पुढे सरकत नाही.

४

आता या मापाची परीक्षा दूरच्या देशाच्या कृतीवर न थांबविता आपल्या परिसरातील कथेवर करून पाहू. धाराशिवजवळचे तेर हे प्राचीन व्यापारी नगर ‘तगर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु या भागातील सामान्य माणसाला तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर आहे आणि चैत्र वद्य त्रयोदशीला तेथे यात्रा भरते. परंपरेने त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानला जातो. त्यांची कथा महीपतींनी ‘भक्तविजय’ या १७६२ च्या ग्रंथात सांगितली आणि तेव्हापासून ती कीर्तनांतून, रंगभूमीवरून व चित्रपटांतून सतत नवी होत आली आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि सर्वांना ठाऊक असल्यामुळेच ती किती दारुण आहे हे आपण विसरलो आहोत. गोरोबा विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवीत असतात. पत्नी संती तान्हे मूल अंगणात ठेवून पाण्याला गेलेली. मूल रांगत चिखलात येते आणि बापाच्या पायांखाली तुडविले जाते. संती परत येऊन आक्रोश करते. गोरोबा उलट तिच्यावरच धावून जातात. ती त्यांना विठ्ठलाची शपथ घालते, की मला हात लावू नका. ते ती शपथ अक्षरशः पाळतात. वंशासाठी संती आपल्या बहिणीशी त्यांचे लग्न लावते. सासरा म्हणतो, दोघींना सारखेच वागवा. गोरोबा हेही अक्षरशः घेतात आणि दुसरीलाही स्पर्श करीत नाहीत. एका रात्री त्या दोघी निद्रिस्त गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवतात, तेव्हा शपथ मोडली म्हणून ते आपले हातच तोडून टाकतात. कुंभाराचे हात!

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे. या कथेतील प्रत्येक अनर्थ शब्दातून निघतो. प्रथम नाम, मग शपथ, मग सासऱ्याची आज्ञा. ऑस्टिन यांनी आपल्या व्याख्यानांतून, जी १९६२ साली ग्रंथरूपाने आली, काही उच्चार हे वर्णन नसून कृतीच असतात हा विचार मांडला. शपथ हा अशा उच्चाराचा नमुनेदार प्रकार. गोरोबांचा गुण हा, की ते शब्दाला कृती मानतात आणि शब्द व आचार यांत अंतर राहू देत नाहीत. हाच गुण मुलाचा जीव घेतो आणि स्वतःचे हात तोडतो. ‘डेव्हिलमॅन’च्या गाठीची आणि या गाठीची जात एकच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

५

मराठीत रूपांतराला एक सुंदर क्रियापद पूर्वापार आहे. नारदीय कीर्तनकार उत्तररंगात आख्यान ‘लावतो’. लावणे हे क्रियापद दिव्याला लागते, सुराला लागते, रोपाला लागते आणि अर्थालाही लागते. आख्यान लावणे म्हणजे मूळ पाठ जसाच्या तसा परत म्हणणे नव्हे. आजच्या मंडपात, आजच्या श्रोत्यांपुढे ते पेटविणे, जुळविणे, रुजविणे आणि उलगडणे. म्हणून कीर्तनाचा श्रोता ‘हे मुळाबरहुकूम झाले का’ असे विचारीत नाही. तो ‘रंगले का’ असे विचारतो. जपानी कृतींच्या चाहत्यांची कसोटी मुळाची, आपल्या श्रोत्यांची कसोटी रंगाची. पहिली कसोटी द्रव्यात अडकते हे वर दिसलेच. दुसरी अधिक उदार आहे, पण तिच्यातही एक धोका आहे.

तो धोका गोरोबांच्या कथेत स्पष्ट दिसतो. कथेचा शेवट पंढरपुरात होतो. नामदेवांच्या कीर्तनात टाळ्या वाजविताना गोरोबांना हात फुटतात आणि गर्दीतून त्यांचे मूल रांगत येते. हा शेवट श्रोत्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे चिखलातील प्रसंग हलक्या हाताने उरकण्याचा मोह सांगणाऱ्याला होतो. ‘ही देवाने घेतलेली परीक्षा होती’ असे एक वाक्य आधी टाकले, की बापाचे पाय निर्दोष होतात, मूल देवाजवळ सुरक्षित ठेवल्यासारखे होते आणि संतीचा आक्रोश अज्ञान ठरतो. लहान मुलांसाठी सांगताना तर हा प्रसंग पुष्कळदा एका ओळीत संपतो. आख्यान रंगते, पण गाठ सुटलेली असते. मग शेवटी हात परत आले काय आणि न आले काय, श्रोत्याला मिळावयाचे ते मिळत नाही. कारण जे खरोखर गेले नव्हते ते परत येण्यात आश्चर्य कसले?

माध्यम बदलले म्हणजे ही जबाबदारी वाढते. याकोब्सन यांनी १९५९ च्या आपल्या निबंधात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसरा, एका चिन्हव्यवस्थेतून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत होणारा. शब्दांत ‘मूल तुडविले गेले’ असे म्हणता येते. कर्मणी प्रयोगामुळे पाय दिसत नाहीत. चित्राला कर्मणी प्रयोग नाही. पडद्यावर किंवा रंगमंचावर चिखल दाखवावयाचा म्हणजे पाय दाखवावे लागतात, किंवा पाय न दाखविण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णयही प्रेक्षकाला दिसतो. अशोकजी परांजपे यांचे ‘गोरा कुंभार’ हे संगीत नाटक असो, किंवा १९७४ चा राजकुमार यांचा ‘भक्त कुंबार’ हा कन्नड चित्रपट असो, या कथेला हात घालणाऱ्या प्रत्येकाला या जागी स्वतःचे व्याकरण ठरवावे लागले आहे. अभ्यासकाने रूपांतराची परीक्षा करावयाची ती याच जागी.

६

दोन्ही कथांत एक भेद आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. ‘डेव्हिलमॅन’मध्ये गेलेले काहीही परत येत नाही, गोरोबांच्या कथेत सर्व परत येते. परंतु हा भेद केवळ शोकान्त आणि सुखान्त असा नाही. दोन्ही कथांच्या शेवटी एक समूह उभा आहे. मिकीला मारणारा तो जमाव. गोरोबांना हात देणारा तो मेळा. जमावात प्रत्येक जण शेजाऱ्याला संशयाने पाहतो. मेळ्यात प्रत्येक जण शेजाऱ्याबरोबर टाळी वाजवितो. रचनेतील स्थान एकच, मूल्य विरुद्ध. ध्वनिशास्त्रात दोन वर्ण एकाच स्थानी येऊन अर्थ बदलतात, तेव्हा त्यांचा विरोध अर्थभेदक मानला जातो. येथेही तसेच झाले आहे. युआसा यांनी मोबाईल आणला तेव्हा त्यांनी नेमकी ही जागा नवी केली. आजचा समूह कसा बनतो, हा त्यांच्या रूपांतराचा खरा प्रश्न आहे, आणि म्हणून त्यातील आधुनिकता वरवरची वाटत नाही.

उद्या कोणी तेरच्या कथेचे सजीवचित्रांत रूपांतर केले, तर तंत्राची अडचण येणार नाही. कठीण प्रश्न दोन येतील. चिखलातील पाय दाखविण्याचे धैर्य आहे काय? आणि ज्याच्या टाळीने तुटलेले हात परत येतात, असा समूह आज कोठे दाखवावयाचा? पहिला प्रश्न टाळला तर कथा बालकथा होईल. दुसरा टाळला तर ती नुसता चमत्कार होईल.

गोरोबांच्याच चरित्रात समीक्षकाला एक वस्तुपाठ आहे. संतमंडळी जमली असता थापटणे घेऊन ते एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा प्रसिद्ध आहे. कुंभार मडक्याचा रंग पाहून निवाडा देत नाही; तो वाजवून पाहतो. रूपांतराची परीक्षाही रेषा किती सारखी, प्रसंग किती गळाले, यांची मोजदाद करून होणार नाही. गाठीच्या जागी ठोकून नाद ऐकावा लागेल.

या दृष्टीने एक काम आमच्या विद्यार्थ्यांच्या हाताशी आहे. तेर आणि परिसरातील गावांत गोरोबांची कथा सांगणारी माणसे आजही आहेत. प्रत्येकाच्या सांगण्यात चिखलाच्या प्रसंगी कोणते क्रियापद येते, कर्ता उच्चारला जातो की गाळला जातो, संतीच्या तोंडी किती वाक्ये दिली जातात, आणि ‘परीक्षा’ हा शब्द प्रसंगाच्या आधी येतो की नंतर, एवढ्या चार गोष्टी ध्वनिमुद्रणावरून टिपल्या तरी रूपांतराच्या शास्त्राला भक्कम सामग्री मिळेल. जपानी कृतीवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या तरुणांपाशी या कामाला लागणारा कान आधीच तयार आहे. तो तेरपर्यंत न्यावयाचा, एवढेच बाकी आहे.